बेचाळीस कसोट्यांचा फोन

"फोन निवडायचाय, नवरदेव नाही!" भाऊंनी कप बशीवर आदळत जाहीर केलं. "शनिवारी अकराला दुकानात शिरतो आणि साडेबाराला बाहेर पडतो! हातात ताईसाठी जगातला सगळ्यात योग्य फोन! लिहून ठेव!"

समोर फक्त वहिनी होत्या. त्यांनी खरंच लिहून ठेवलं, दूधवाल्याच्या चिठ्ठीच्या मागे, तारीख-वार घालून. नवऱ्याची असली वाक्यं पुढे कामी येतात हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

भाऊंचा हा आत्मविश्वास मात्र हवेतला नव्हता बरं का. वजनकाट्यांच्या कारखान्यात ते एकोणतीस वर्षं तपासनीस होते. काटा समोर आला की तो बघायचा, ठोकायचा, गरम करायचा, गार करायचा आणि मग 'पास' किंवा 'नापास' असा शिक्का मारायचा. ही सवय त्यांनी घरीही आणली. नवी उशी नापास. जावयानं दिलेलं घड्याळ नापास. स्वतःच्या मोबाइलवर तीन वर्षांत त्यांनी एकही अ‍ॅप घेतलं नव्हतं, कारण एकही त्यांच्या तपासणीत टिकलं नव्हतं. लग्नाच्या सव्विसाव्या वाढदिवशी त्यांनी वहिनींना मोठ्या मनानं 'सशर्त पास' केलं. त्यानंतर वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि भाऊ समजले की आनंदानं शब्द फुटत नाहीयेत.

जगात एकच माणूस भाऊंनी बिनशर्त पास केलं होतं, आणि ते म्हणजे ताई.

ताई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. पाच वर्षांच्या असताना दृष्टी गेली. पुढे शिकल्या आणि एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर झाल्या. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत! आतले चारशे क्रमांक तोंडपाठ! घाबरलेला माणूस पलीकडून ओरडायला लागला की ताई दोन वाक्यांत त्याला श्वास घ्यायला लावायच्या आणि तिसऱ्या वाक्यात योग्य डॉक्टरला जोडून द्यायच्या. कारखान्यात भाऊंशी कोणी पाच मिनिटं बोललं तर त्यातली तीन मिनिटं ताईंवर जायची. लोक त्यांना टाळायचे ते काट्यांच्या भीतीनं नव्हे, तर ताईंच्या गोष्टी पाठ झाल्यामुळे.

तर त्या खुर्चीवरच गदा आली होती. रुग्णालयात नवे व्यवस्थापक आले. त्यांनी ठरवलं की जुना बोर्ड सोमवारपासून बंद, सगळे फोन मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये येणार, तिथूनच पुढे जोडायचे. साहेब स्वभावानं गोड. ताईंना म्हणाले, "बाई, आता सगळं काचेवर बोटं फिरवून करायचं. तुम्हाला उगाच त्रास. मागच्या खोलीत तुमची खुर्ची टाकून देतो. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, आराम करा."

ताई म्हणाल्या, "साहेब, त्रास मला चालेल. आराम चालणार नाही."

साहेबांची जरा पंचाईत झाली. शेवटी ठरलं की ताईंनी स्वतःला जमेल असा फोन आणायचा, त्यात रुग्णालयाचं अ‍ॅप घालून देऊ, आणि सोमवारी दहा ते अकरा, ऐन गर्दीच्या तासाला, त्यांनी एकटीनं फोन सांभाळायचे. जमलं तर खुर्ची त्यांची. नाही जमलं तर मागची खोली. म्हणजे भाऊ निवडायला निघाले होते तो नुसता फोन नव्हता, बहिणीची चार वर्षं होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते इतके चेकाळले होते.

ताईंचा बेत अगदी साधा होता. "शनिवारी दोनला माझी ड्यूटी संपते. आपण दुकानात जाऊ. मी चार फोन हातात घेऊन बघते आणि एक घेते."

"चार?" भाऊंना धक्काच बसला. "कसोट्या किती?"

"कसल्या कसोट्या?"

"हेच! म्हणूनच मी आधी जाऊन नापास माल बाजूला काढून ठेवतो. तू फक्त शेवटच्या दोनांवर हात ठेव."

"अरे, फोन वापरायचा मला आहे."

"म्हणूनच!" भाऊ म्हणाले. ह्या 'म्हणूनच'चा अर्थ ताईंनाही कळला नाही आणि भाऊंनाही सांगता आला नसता.

मग आठवडाभर घरात अभ्यास चालला. प्रत्येक फोनमध्ये न दिसणाऱ्यांसाठी एक बोलकी सोय असते, हे भाऊंनी शोधून काढलं. ती चालू केली की बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो. ते उघडायचं तर लागोपाठ दोनदा टकटक करायची. झालं! भाऊंनी बेचाळीस कसोट्यांची यादी केली. कसोटी सातवी: फोन कानाशी धरल्यावर गालानं भलतंच काही दाबलं जातं का? एकोणिसावी: जमिनीवर पडल्यास तो कुठून बोलतोय हे कळतं का? एकतिसावी फक्त दोन शब्दांची होती: 'एकंदर स्वभाव'.

प्रत्यक्ष अनुभव हवा म्हणून एकदा जेवताना ते डोळ्यांना टॉवेल बांधून बसले आणि फोनवर बोटं फिरवू लागले. तिसऱ्या मिनिटाला कारखान्यातल्या विभागप्रमुखांना फोन लागला. तो बंद कसा करायचा हे भाऊंना कळेना. "अहो, तुमचं बोट माझ्या आमटीत आहे!" हे वहिनींचं वाक्य विभागप्रमुखांनी स्वच्छ ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर भाऊंकडे काळजीनं बघितलं.

शनिवार उजाडला. बरोबर अकराला भाऊ यादी, दोन पेनं आणि स्टॉपवॉच घेऊन मोबाइलच्या दुकानात शिरले. दुकान लांबट आणि अरुंद होतं. काचेच्या काउंटरवर हाताळून बघायचे आठ फोन ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकावर एकच धबधब्याची जाहिरात. काउंटरमागे दुकानदार, पस्तिशीचा, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला बघून खुललेला.

"या काका, बसा! काय दाखवू?"

"सगळे," भाऊ म्हणाले.

दुकानदार आणखी खुलला. तपासणी म्हणजे काय असतं हे बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

"माझ्या बहिणीसाठी हवाय. तिला दिसत नाही. सव्वीस वर्षं ऑपरेटर आहे, चारशे क्रमांक तोंडपाठ! तुम्हाला किती पाठ आहेत?"

"माझाच पाठ नाही, काका."

"तर! हे आठही फोन मी तपासणार. तुमचा स्वतःचा फोनही द्या. विकणारा स्वतः काय वापरतो, त्यावरून मालाचा भरवसा कळतो."

दुकानदारानं हसत हसत आपला फोन नववा म्हणून ठेवला. भाऊंनी आपल्या खिशातला काढून दहावा ठेवला. कारखान्यात नव्या मालाच्या शेजारी नेहमी एक जुना, ओळखीचा काटा ठेवतात, तुलनेला. तुलनेशिवाय तपासणी म्हणजे नुसत्या गप्पा, असं भाऊ नव्या लोकांना शिकवत.

आता इथे सामान्य माणसानं एक फोन उचलला असता, बघितला असता, ठेवला असता आणि दुसरा उचलला असता. पण तपासणीचा पहिला नियमच असा की आधी अख्खा माल एकसारख्या स्थितीत आणायचा आणि मगच पहिल्या नगाला हात लावायचा. दुसरा नियम असा की माल नेहमी टोकाच्या स्थितीत तपासायचा. ताईंच्या कचेरीतला बोलका संगणक किती भरभर बोलतो हे भाऊंनी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी एकेका फोनची बोलकी सोय चालू केली, बोलण्याचा वेग शेवटच्या टोकाला नेला, आवाज पूर्ण केला. आणि आपल्याला चोरून बघायचा मोह नको, म्हणून त्या सोयीच्या यादीत खोल कुठेतरी सापडलेला 'पडदा काळा ठेवा' हा पर्यायही निवडला. फोन चालू, पण काच काळीकुट्ट! एकदा नव्हे, दहा वेळा! दहाव्या फोनचा पडदा काळा झाला तेव्हा भाऊंनी समाधानानं हात झटकले.

"तयार!" ते म्हणाले. "आता कसोटी पहिली."

त्यांनी पहिल्या फोनवर बोट ठेवलं. फोन बोलला. म्हणजे बोलला असं म्हणायचं. गाठ सुटलेल्या पोत्यातून वाटाणे सांडावेत तसे शब्द भडाभडा बाहेर पडले आणि संपले. भाऊंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा वाटाणे.

"काय म्हणतोय तो?" दुकानदारानं विचारलं.

"सांगतोय," भाऊ म्हणाले.

"काय सांगतोय?"

"तेच ऐकतोय ना मी!"

दुसरा फोन. तेच. तिसरा. तेच! वेग कमी करायचा तर तो कुठे आहे ते दिसायला हवं, आणि काच काळी. काच उजळायची तर यादी उघडून योग्य ओळीवर बोट हवं, आणि ती ओळ कोणती ते फक्त फोन सांगणार. आणि फोन सांगतोय ते कळायचं तर वेग कमी करायला हवा! भाऊंनी हा प्रवास मनातल्या मनात तीनदा केला आणि तीनदा तिथेच येऊन पोचले.

"काका, फोन बंद का पडले?"

"बंद नाहीत. काळे आहेत."

"मग पांढरे करा की!"

"त्यासाठी एक छोटीशी अडचण आहे," भाऊ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज दाबला गेला.

दुकानदारानं पहिला फोन ओढून घेतला आणि त्यावर जोरजोरात बोट मारलं. फोन बडबडला. बाजूची बटणं दाबली. बडबड आणखी मोठी झाली! फोन बंद करून चालू केला. तो काळाच उठला आणि उठल्या उठल्या बोलायला लागला. तेवढ्यात एक बाई दारात आल्या. आत दहा काळे फोन, त्यांतले चार एकाच वेळी तावातावानं बोलतायत, आणि दोन घामाघूम पुरुष त्यांच्यावर वाकलेले!

"भांडण चाललंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई, माल आहे, या ना!" दुकानदार म्हणाला.

"नको," बाई म्हणाल्या. "माझा आहे तो निदान गप्प तरी बसतो."

बाई गेल्या त्या रस्त्यावर सांगत गेल्या. पाच मिनिटांत दाराशी सात-आठ माणसं जमली. एक म्हणाला विषाणू शिरलाय. एक म्हणाला फोन परक्या भाषेत बोलतायत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं की हा लिलाव आहे, आणि मागून दोघा-तिघांनी हातही वर केले.

आणि नेमका नववा फोन वाजला.

"माझी बायको!" दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोची रिंग वेगळी होती, ती दुकानातल्या धुळीलाही ओळखीची असावी. त्यानं काचेवर बोट डावीकडे ओढलं, उजवीकडे ओढलं, वर ओढलं. फोन वाजत राहिला, आणि मधूनमधून वाटाणे सांडत राहिला. "उचला हो काका! तिला वाटतं मी मुद्दाम उचलत नाही! गेल्याच आठवड्यात कसंबसं मिटलंय!"

भाऊंनी दोनदा टकटक केली. तीनदा केली. शेवटी नमस्कारही केला. फोन थांबला तो बायको थकल्यामुळे थांबला. लगेच पुन्हा सुरू झाला.

दुकानदार काउंटरच्या बाहेर आला, दारात उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "काका, तुम्ही वडीलधारे, म्हणून वाईट बोलत नाही. पण हे दहाही फोन पूर्ववत झाल्याशिवाय तुम्ही ह्या दुकानातून बाहेर पडायचं नाही!"

घड्याळात साडेबारा झाले होते. दूधवाल्याच्या चिठ्ठीमागे लिहिलेली वेळ अगदी तंतोतंत आली होती, फक्त भाऊ आत होते.

"ह्यातलं कळणारं एकच माणूस आहे," भाऊ मान खाली घालून म्हणाले. "पण मी तिला फोन कशावरून करू?"

मोबाइलच्या त्या दुकानात, हिशेबाच्या टेबलाखाली, तारेचा एक जुना फोन होता. दुकानदारानं तो धूळ झटकून वर ठेवला. भाऊंनी रुग्णालयाचा क्रमांक फिरवला.

"नमस्कार, चौकशी विभाग, बोला," ताईंचा कामावरचा आवाज आला.

"ताई, मी. घाबरू नकोस."

"मी घाबरलेली नाही. तू घाबरलायस. श्वास घे. आता सांग."

भाऊंनी श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. मग ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "दहाही?"

"दहाही."

"शाब्बास," ताई म्हणाल्या. "बाजूची दोन्ही बटणं एकदम दाबून धर, सोय बंद होते."

"धरली. काही होत नाही."

"म्हणजे बटणांची ही युक्ती आधी चालू करून ठेवावी लागते, ते केलेलं नाहीस."

"ते कसोट्यांत नव्हतं गं."

"बरं. पहिला फोन ह्या फोनच्या तोंडाशी धर. बाकीच्यांना कुठेतरी कोंब, मला एकावेळी एकच ऐकू दे."

दुकानदारानं नऊ फोन आपल्या खुर्चीच्या उशीखाली सारले आणि बडबडू नयेत म्हणून स्वतः वर बसला. खालून त्याची बायको वाजत राहिली.

"तीन बोटं काचेवर एकदम टेकव," ताई म्हणाल्या. वाटाणे सांडले. "हं. यादी उघडली. आता एक बोट, उजवीकडे झटका. अजून. अजून एक. थांब हं." आवाज बदलला. "नमस्कार. बाळाला ताप? किती वेळ झाला? घाबरू नका, मी बालविभागाला जोडते, ते लगेच उचलतील." पुन्हा घरचा आवाज. "झटका मार. हेच. दोनदा टकटक."

काच उजळली! धबधबा परत आला! दारातल्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं की हा कितीला गेला.

"ताई, आधी वेग कमी करूया का? म्हणजे मलाही कळेल."

"नको," ताई म्हणाल्या. "मला कळतंय. तुला कळायची गरज नाही."

भाऊंना खरं तर राग यायला हवा होता. पण त्यांची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. त्यांनी फोनच्या तोंडावर हात ठेवून दुकानदाराला सांगितलं, "ऐकलंत? ह्या वेगानं! तारेवरून! बघता बघता दुसरं कामही करतेय!"

"काका, माझा नववा आधी घ्या ना!"

"रांगेनं!" भाऊ म्हणाले. त्यांच्या अंगात पुन्हा जीव आला होता.

एकेक फोन येत गेला. मध्येच ताई हाडांच्या विभागाला कोणालातरी जोडायच्या, रुग्णवाहिकेला पत्ता सांगायच्या, एका रागावलेल्या नातेवाइकाला शांत करायच्या, आणि परत यायच्या त्या नेमक्या सुटलेल्या ओळीवर. पाचव्या फोनला भाऊंनी न राहवून विचारलं, "तू हे सगळं कधी शिकलीस गं?"

"दोन आठवडे. जेवणाच्या सुट्टीत. औषधालयातल्या बाईंच्या फोनवर."

"मला बोलली नाहीस!"

"तू टॉवेल बांधून फिरत होतास. वहिनी म्हणाल्या, त्यांना खेळू दे."

सातव्या फोनला पलीकडून एक पुरुषी आवाज आला. "बाई, हा काय प्रकार चाललाय?"

"साहेब, माझा भाऊ आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "त्यानं एक दुकान बंद पाडलंय. मी चालू करतेय. आपला एकही फोन थांबलेला नाही, नोंद बघा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. भाऊंनी फोन कानाशी आणखी घट्ट दाबला. आपल्या मूर्खपणापायी सोमवार यायच्या आधीच खुर्ची जाते की काय!

"हं," साहेब म्हणाले. "तरी पण बाई, शनिवारी तुरळक फोन असतात. सोमवार म्हणजे सोमवार. ठरलं ते ठरलं."

"सोमवारीच बघा, साहेब," ताई म्हणाल्या, आणि मग, "भाऊ, उजवीकडे."

नववा फोन उजळला तेव्हा त्यावर बायकोचे तेवीस चुकलेले फोन होते. दुकानदार तो घेऊन मागच्या कोपऱ्यात गेला आणि बराच वेळ फक्त "अगं ऐक तरी" एवढंच म्हणत राहिला.

दहावाही झाला. भाऊंनी कपाळ पुसलं. "झालं गं ताई. आता तू दोनला ये, आरामात एकेक हातात घेऊन बघ. मी कसोट्या परत नव्यानं—"

"मी निवडला," ताई म्हणाल्या.

"कसा? तू तर तिथे आहेस!"

"मला तुझं बोट काचेवर पडलेलं ऐकू येत होतं. बोट पडलं की फोन बोलायला किती वेळ घेतो, तेवढंच मी ऐकत होते. बाकीच्यांना आधी घसा खाकरायची सवय आहे. शेवटचा मात्र बोट पडल्याबरोबर बोलतो. घाईच्या वेळी मला तेवढंच लागतं. शेवटचा कोणता?"

भाऊंनी हातातल्या फोनकडे बघितलं. बेचाळीसपैकी तेहतीस कसोट्यांत त्यांनी तो घरीच नापास केला होता.

"ताई, तो विकायचा नाही गं. तो माझा आहे. जुना. रिकामा. त्याच्यात काही नाहीच."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. त्यांच्या 'म्हणूनच'ला मात्र अर्थ होता. "ह्या बाकीच्यांच्या डोक्यात दुकानानं काय काय भरून ठेवलंय कुणास ठाऊक, म्हणून ते अडखळतात. तुझ्याला खाली एक खरं बटण पण आहे ना, दाबता येतं ते? मग मला तोच हवा. देशील?"

देशील का विचारते! भाऊंचे डोळे भरून आले. एकोणतीस वर्षांत इतक्या झटपट निकाल दिलेला तपासनीस त्यांनी बघितला नव्हता. त्यांनी बेचाळीस कसोट्यांच्या यादीची चौघडी करून खिशात घातली, दुकानदाराची माफी मागितली आणि त्याच्याकडून स्वतःसाठी, एकही कसोटी न लावता, पहिल्या क्रमांकाचा फोन घेतला. दुकानदारानं तो बांधून देताना त्याच्यातली बोलकी सोय बंद असल्याची चारदा खात्री करून घेतली. दाराबाहेरच्या गृहस्थांना मात्र अखेरपर्यंत वाटत राहिलं की लिलाव भाऊंनी जिंकला.

सोमवार आला. दहा वाजले. कारखान्यात भाऊंसमोर तपासणीला चाळीस काटे होते. त्यांनी पहिल्यावर शिक्का मारला तो उलटा. दुसऱ्यावर मारला तो टेबलावर. फोन करायचा नाही, असं ताईंनी त्यांना बजावलं होतं. त्यांनी वहिनींसमोर वचनही दिलं होतं. दहा चोवीसपर्यंत त्यांनी ते पाळलं.

मग ते उठले आणि खात्यातल्या टेबलावरचा फोन फिरवला.

"नमस्कार, चौकशी विभाग. आपण रांगेत चौथे आहात, कृपया थांबा," ताईंचा आवाज आला आणि लगेच दूर गेला.

"कोण आहे?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"मी रांगेत आहे," भाऊ कुजबुजले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की बाजूचे दोघं हातातलं काम टाकून जवळ आले.

सात मिनिटं गेली. चाळीस काटे तसेच पडून होते. विभागप्रमुखांनी दोनदा घड्याळ दाखवलं, भाऊंनी दोनदा मान हलवली आणि अभिमानानं उभे राहिले. कारण मागून बारीक बारीक ऐकू येत होतं: बोटाची टकटक, लगेच सांडलेले वाटाणे, आणि ताई. "जोडते." टकटक. "जोडते." टकटक. "घाबरू नका, जोडते."

"थांबल्याबद्दल धन्यवाद," ताई आल्या. "कोणता विभाग हवाय?"

"ताई, मी! भाऊ! कसं चाललंय?"

"क्षमा करा, भाऊ नावाचा विभाग आमच्याकडे नाही," ताई अतिशय सौजन्यानं म्हणाल्या. त्यांच्यामागून साहेबांचा आवाज आला, कोणालातरी सांगत होते, "अकरापर्यंत कशाला थांबायचं, त्या मागच्या खोलीत कपाटंच ठेवा. बाई इथेच बसतील." आणि फोन कट झाला.

भाऊंनी फोन खाली ठेवला. मग एकदम दोन्ही हात वर केले. "कापला! माझ्या बहिणीनं माझा फोन कापला! भर गर्दीत, चार सेकंदांत! खुर्ची राहिली! ह्याला म्हणतात ऑपरेटर!"

सगळं खातं टाळ्या वाजवायला लागलं. विभागप्रमुखांनीही हात पुढे केला. "वा! मग त्यांचं अभिनंदन केलंत का?"

भाऊंचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईनं पुन्हा क्रमांक फिरवला.

"नमस्कार, चौकशी विभाग. आपण रांगेत नववे आहात."